नावानिशी मागणारी लीलावहिनी

वहिनी गेली त्याला आता दीड महिना होईल. माझा दादा फोनवर ‘जय ख्रिस्त’ म्हटल्याशिवाय पुढचा शब्द बोलत नाही, मग पलीकडे बँकेचा माणूस असो नाहीतर गॅसवाला. त्या दुपारी त्याने ते म्हटलं नाही. ‘ये गं तू,’ एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून बसला. मी खालापुरात माझ्या स्वयंपाकघरात उभी, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि कानात कर्जतच्या घरातल्या पंख्याची घरघर... मला कळलं. रिक्षाने कर्जतला पोचेपर्यंत मी रडले नाही, देवाशी भांडत होते. आमचं भांडण जुनंच आहे, पण वहिनीमुळे मी ते आजवर सभ्यपणे करत आले होते.

तिचा एकुलता मुलगा सुहास आयर्लंडहून यायचा होता, म्हणून तिला बर्फाच्या पेटीत ठेवलं. एप्रिलातली जमीन, खाली नुसता मुरूम. खड्डा खणणारे घामाने निथळत होते आणि पहार आपटल्याचा आवाज थांबतच नव्हता. काम वेळेत होईना तसं चर्चच्या पाळकांनी झालेलं गीतच पुन्हा म्हणायला लावलं. सुहास हात मागे बांधून उभा होता. तीन वर्षांत त्याने आईचं तोंड पाहिलं नव्हतं आणि आता पाहिलं ते असं. सगळ्यांनी माती टाकली. त्याने मूठ भरून घेतली, पण ती उघडलीच नाही. घरी आल्यावर नळाखाली हात धरला तेव्हा लाल पाणी वाहताना मला दिसलं.

लीलावहिनी लोधिवलीची. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, आजोबा मिशनच्या शाळेत शिकवायला इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आमच्या घरात पुस्तकी मराठी आणि वहिनीची ‘हाय-नाय’ अशा दोन बोली सुखाने नांदत. चौक गावात जुन्या हायवेवर, एका गॅरेजला लागून तिचं शिवणाचं दुकान होतं. आसपासच्या शाळांचे गणवेश ती शिवायची. शेजारी टेंपोच्या चाकांची ठोकाठोक, इकडे हिची मशीन, आणि त्या गदारोळात गॅरेजवाल्या सलीमभाईंना हिचा उपदेश चालायचा, ‘भाई, ती तंबाखू सोडा, नायतर तुमचं नाव आज परत घ्यावं लागंल मला.’ नाव घ्यायचं म्हणजे प्रार्थनेत.

कारण वहिनीची प्रार्थना नावानिशी असे. आमच्याकडे संध्याकाळी घरची प्रार्थना होते, घरातल्या वडीलधाऱ्याने करायची. दादाची प्रार्थना आटोपशीर, सगळ्या आजाऱ्यांना बरे कर, सगळ्या गरजवंतांना दे, आमेन. मग वहिनी सुरू व्हायची. सलीमभाईंची तंबाखू, माथेरानच्या हॉटेलात कामाला असलेला भाचा, वाडीवरची बाळंतीण, तिच्या नवऱ्याचं सुटलेलं काम. एकेकाचं नाव, गाव आणि दुखणं. चुलीवरचा भात गिच्च व्हायचा तरी हिचं आमेन यायचं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘वहिनी, देवाला ठाऊक असतं गं सगळं. पत्ता कशाला सांगतेस?’

‘देवाला असंल ठाऊक, वन्सं. पण मला नको? नाव घेतलं की मानूस समोर येऊन बसतं. नाव नाय, तोंड नाय, मग मागायचं कुणासाठी?’

मी शिक्षिका, वादात सहसा हरत नाही. त्या दिवशी मात्र भात उतरवायला गेले.

सुहास आणि त्याची बायको ग्रेस दोघं आयर्लंडला. ती तिथल्या रुग्णालयात नर्स, तो गोदामात सुपरवायझर. मूल होत नव्हतं. उपचार झाले, एकदा राहिलं आणि गेलं. मग दोघांनी ठरवलं की आपल्याच देशातलं मूल दत्तक घ्यायचं. दादा आधी ‘कुणाचं, कुठलं...’ असं काहीतरी पुटपुटला. वहिनी त्याच्यावर अशी उसळली की मी आत निघून गेले. ‘रविवारी पहिल्या बाकावर बसता. आपन समदी देवाची दत्तक लेकरं हाव, हे पाळक सांगतात तवा मान हलवता. तवा कुठलं-कुनाचं इचारलं नाय तुमी!’ दादाने पुन्हा तो विषय काढला नाही. उलट तोच नंतर जास्त अधीर झाला.

तिकडे त्यांच्या घराची तपासणी झाली, पगाराची झाली, तब्येतीची झाली. लग्न कसं चाललंय याचीही झाली. ग्रेस म्हणायची, ‘आत्या, पोटी मूल झालेल्यांना हे कुणी विचारत नाही.’ वाट पाहण्यात वर्षं गेली. प्रत्येक नाताळात वहिनी म्हणायची, पुढच्या वर्षी घरात लेकरू. मला ते ऐकवायचं नाही. विश्वास ही चांगली गोष्ट आहे, पण ती तारीख ठरवायला लागली की मला भीती वाटते.

आणि एके दिवशी विदर्भातल्या एका संस्थेतल्या मुलीची माहिती आली. चार वर्षांची. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. नाव रेणू. सुहास-ग्रेसने त्याच दिवशी होकार कळवला. सुहासने आईला फोटो पाठवला आणि बजावलं, ‘आई, फक्त तू आणि बाबा. आत्यालाही नको. हुकूम होईपर्यंत फोटो, नाव कुणाला कळता कामा नये, नियम आहे.’ तिने तो मला दुसऱ्याच दिवशी दाखवला. दुकानाचं शटर अर्धं ओढून, चोरीचा माल दाखवावा तसा. कपाळावर आलेले केस आणि कॅमेऱ्याकडे बघणारे, न हसणारे डोळे. मी म्हटलं, शिव आता एक फ्रॉक. तर म्हणाली, ‘माप घेतल्याबिगर मी कापडाला कात्री लावत नाय.’ एरवी ती इतकी सावध बाई होती.

एकदा संस्थेच्या परवानगीने व्हिडिओवर बोलणं झालं, त्यात वहिनीलाही घेतलं. रेणू आधी बोलेना. मग तिने मान वळवून उजवा कान फोनला लावला, त्यामुळे आम्हाला पडद्यावर नुसता कान आणि एक छोटी वेणी दिसत होती. विचारलं काय, तर ‘तुमच्याकडे कुत्रा आहे का?’

‘नाय गं बाय. पन आनू की!’

दादा मागून म्हणाला, अगं, ती आयर्लंडला जाणार, कुत्रा कर्जतला आणून काय करशील? पण आजीबाईंनी कबूल करून टाकलं होतं.

त्यानंतर काम अडलं. कुठला तरी एक ना-हरकत कागद यायचा होता, तो येईना. आज येईल, पुढच्या आठवड्यात येईल, असं करत पावसाळा गेला. सुहासचा आवाज फोनवर बारीक होत गेला. तेव्हा वहिनीने मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, साखळी-उपवास मागितला. आमच्याकडे ही रीत आहे. एकामागून एका घराने एकेक तास वाटून घ्यायचा, उपाशी राहून प्रार्थना करायची, अशी दिवसरात्र साखळी तुटू द्यायची नाही. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, सगळीकडची घरं पुढे आली. पाळकांनी सांगितलं, विषय ‘एका कुटुंबाची दत्तक-प्रक्रिया’ असा ठेवू. शहाणा माणूस.

वहिनीला ते पटलं नाही. एवढी माणसं उपाशी राहणार आणि कुणासाठी ते त्यांना ठाऊक नको? तिने मंडळीच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ही आमची रेणू, हिला लवकर आईबाप मिळावेत म्हणून नाव घेऊन प्रार्थना करा.

सगळ्यांनी केली. कुणीच वाईट नव्हतं हो. कुणीतरी आपल्या बहिणीला पाठवला, बहिणीने तिच्या मंडळीला, तिथून तो नागपूरपर्यंत गेला. आणि वाटेत कुठेतरी कुणीतरी वेगळ्याच मजकुराखाली तो चिकटवला, की बघा, आपल्या मुली धर्म बदलून परदेशी कशा धाडतात. संस्थेच्या दारात माणसं जमली. तक्रार झाली. चौकशीत फोटो कुठून फुटला हे निघायला वेळ लागला नाही, कारण खाली ‘आमची रेणू’ लिहिलेला मूळ संदेश वहिनीच्या नावासकट फिरत होता. सुहास-ग्रेसची प्रक्रिया थांबवली. गोपनीयतेचा भंग झाला होता आणि तो त्यांच्याच घरातून झाला होता. काही महिन्यांनी एवढंच कळवलं की मुलीला दुसरं कुटुंब मिळालं आहे. कुठलं, कुठे, ते सांगत नाहीत, आणि सांगूही नये.

सुहासचा त्या दिवशीचा फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘आई, ग्रेसने तिच्या खोलीला रंग दिला होता. आता मी तिला काय सांगू?’ वहिनी काहीतरी बोलायला गेली. तो म्हणाला, ‘प्रार्थना करते म्हणू नकोस. त्या पोरीचं नाव यापुढे घरात घेऊ नकोस.’ त्यानंतर तो फोन करायचा तो दादाला. आईची चौकशी करायचा, पण आईला द्या असं म्हणायचा नाही.

मंडळीतल्या बायका समजूत घालायला आल्या. एक म्हणाली, देवाची इच्छा. दुसरी म्हणाली, अहो, आपण मागितलं होतं तिला आईबाप मिळावेत, मिळाले की! माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले होते. वहिनीच म्हणाली, ‘देवाची इच्छा नाय ती, माजी चूक हाय. उगं त्याच्यावर ढकलू नका.’ बायका चहा न पिता गेल्या. तिने मंडळीत जाणं सोडलं नाही, फक्त शेवटच्या बाकावर बसू लागली. दुकान मात्र देऊन टाकलं. पोरांची मापं घ्यायला हात उचलत नाय म्हणाली.

मी एकदा तिला रागाने विचारलं, ‘अजून मागतेस त्या देवाकडे? लाज नाही वाटत त्याला?’ ओट्यावरचं पाणी पुसता पुसता ती म्हणाली, ‘वन्सं, ती आता कुठं हाय, मला ठावं नाय. तिला ताप आला तर मला कळनार नाय. दुसऱ्या कुनाला सांगू तरी?’

मुलाचा शब्द तिने मोडला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत तिची नावं तशीच यायची, सलीमभाई, भाचा, वाडीवरची बाई. मग सुहास, ग्रेस. आणि ग्रेसनंतर ती थांबायची. श्वास ऐकू यावा इतकी थांबायची, कधी कधी हाताची बोटं हलायची, मग आमेन. दादा डोळे मिटून बसून राहायचा. साखर वाढली, मूत्रपिंडं गेली, शेवटी शेवटी तिला बसवत नव्हतं, तरी उशीला टेकून प्रार्थना तीच करायची. नावं कमी होत गेली, कारण आवाज पुरत नव्हता. ग्रेसनंतरचं थांबणं तेवढंच राहिलं.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दिवेलागणीला दादाने सवयीने बायबल घेतलं आणि वहिनीच्या खाटेजवळ खुर्ची ओढली. खाटेवर अजून तिचीच चादर होती. मी खाली सतरंजीवर बसले. सुहास दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, डोळे उघडे, मान ताठ. तो आता मंडळीत जात नाही, हे त्याने आल्याआल्याच सांगितलं होतं. वाचन झालं. आणि आटोपशीर प्रार्थना करणारा माझा भाऊ नावं घेऊ लागला. सलीमभाई. माथेरानचा भाचा. वाडीवरची ती बाई, तिचं नाव चुकला, पुन्हा बरोबर घेतलं. सुहास. ग्रेस. आणि तो थांबला.

मला वाटलं, हुंदका आला असेल. पण श्वास सरळ चालला होता. बाहेर कुणाचा तरी कुकर वाजला. सुहासने पाय बदलला.

‘बाबा,’ तो हळूच म्हणाला, ‘विसरलात का? आमेन म्हणा.’

दादाने डोळे उघडले नाहीत. ‘थांब जरा,’ म्हणाला. ‘ती इथं थांबायची.’

सुहासने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. मग तो तिथेच दारात खाली बसला.