सोनीच्या डोळ्यातला डाग

शेवटच्या भेटीत सुलूमावशीनं मला जवळ बोलावलं. वाटलं, पाणी मागेल, देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "त्या डॉक्टरला माझ्या दहाव्याला येऊ देऊ नको." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आता दीड महिना होत आला…

मावशी नांदूरघाटची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर घरात सोनी आली, पिवळ्या डोळ्यांची मांजर. एक दिवस तिच्या उजव्या डोळ्यातल्या पिवळ्या भागावर तपकिरी डाग दिसला. मावशीनं तिला टोपलीत घालून गावातल्या जनावरांच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यानं खुर्चीतूनच पाहिलं. "वयाचा डाग हाय मावशी. मांजरीला कुठं कॅन्सर होतो व्हय?" थेंब दिले. डाग पसरत गेला, मावशी पुन्हा पुन्हा गेली, दर वेळी थेंबच. शेवटी डोळ्याची बाहुली वाकडी झाली, डोळा फुगला, सोनी खाईना. तेव्हा मी दोघींना परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, सोनोग्राफी केली, छातीचा एक्स-रे काढला. डोळा काढावाच लागला. तपासायला पाठवला, तर गाठ कॅन्सरची. "डाग वाढतोय दिसलं तेव्हाच आणायचं होतं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती शिवलेल्या डोळ्याची सोनी मांडीवर घेऊन त्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसायला लागली. शेळ्या घेऊन आलेले लोक विचारायचे, "काय झालं वो हिला?" मग ती सगळं सांगायची, आत ऐकू जाईल अशा आवाजात. डाग दिसला की फोटो काढून ठेवा, वाढला तर थेंबांवर बसू नका. एकदा डॉक्टर हात जोडत बाहेर आला. "मावशी, चुकलं माझं. आता बास करा."

"मला काऊन सांगतो? हिला सांग."

वर्षाच्या आत गाठ यकृतात पसरली, सोनी गेली. मावशी तरी बसतच राहिली, रिकाम्या मांडीनं. मी तिला अडवलं नाही. खरं सांगते, मला ते आवडायचं.

दहाव्याला तो आलाच. दारात मी उभी होते. "तुमी यायचं न्हाई, मावशीच सांगून गेली." चारचौघांत तो मागे फिरला. बरं वाटलं, पण तेवढ्यानं भागलं नाही. पुढच्या बाजारला मी त्याच्या दवाखान्यात गेले, उरलेलं तोंडावर बोलायला. आत खिडकीवर पोतं टाकून अंधार केलेला. एका बाईच्या मांजराच्या डोळ्यात तो बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघत होता. डाग अजून तिळाएवढाच होता. "परभणीला न्या. आजच. चिठ्ठी देतो," तो त्या बाईला म्हणाला. मांजर ओरबाडत होतं, बाईला आवरत नव्हतं. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, चेहरा उतरला.

"ताई… जरा धरता का?"

माफ मी त्याला केलेलं नाही, करणारही नाही. मांजर मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"नीट बघ," मी म्हणाले.