बिल्ला उतरवलेली गाडी

दादाला दवाखान्यातून घरी आणत होतो. ‘आता घरीच न्या’ असं डॉक्टर म्हणाले, की पुढचं काही विचारायचं नसतं. रुग्णवाहिका भोकरदन ओलांडून धावड्याकडे वळली, तोवर तो डोळे मिटून पडला होता. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक चिंच आहे. तिथं रस्ता वळतो आणि थेट आमच्या दारापर्यंत उतार लागतो. काचा दुधी होत्या, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ते वळण त्याला कसं कळलं कोण जाणे... डोळे उघडून, हात जरासा उचलून तो म्हणाला, “बंद कर.” ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, “इंजिन बंद करा भाऊ. उतार आहे, जाते गाडी.” तो म्हणाला, “ब्रेक जड होतेत ना मावशी.” मी म्हटलं, “हळू घ्या, पण बंद करा. त्यांना तसंच लागतं.” माणूस भला होता, त्याने ऐकलं. टायरखालचे खडे तेवढे वाजत राहिले आणि आम्ही दाराशी येऊन थांबलो. त्याच आठवड्यात दादा गेला.

भेटायला येणारे अजूनही त्याच्या गमती सांगतात. सुखदेवभाऊ पेट्रोलला फार जपायचे, चिंचेपासून गाडी बंदच करायचे, ही त्यातली सगळ्यांची आवडती गंमत. दादा आणि काटकसर! गॉगलशिवाय विहिरीवरही न जाणारा आणि बेसूर शीळ घालत हिंडणारा माझा भाऊ शौकीन म्हणूनच पंचक्रोशीत ओळखला जायचा. पेट्रोलची ती कथा त्याने स्वतःच पसरवली होती. खरं कारण आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बा केव्हाच गेले, आता दादाही गेला. म्हणून मी हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकात दादा परतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनं सांभाळायचा. मी तेव्हा भोकरदनला शाळेत शिकवत होते. त्या जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये पोत्यांखाली एक गाडी पडून होती. दादा सांगायचा, तिच्यावर वर्षानुवर्षांचा कापूस उडून बसला होता, लांबून मेंढरू बसल्यासारखी दिसायची. त्याने फुंकर मारली तर आतून हिरवा रंग निघाला. विलायती, दोनच सीटांची, उघड्या टपाची आणि शर्यतीत पळवायची गाडी ती. आमच्याकडच्या जहागीरदाराच्या मुलाने निजामाच्या काळात ती मागवली होती आणि हैदराबादेत शर्यतींत उतरवली होती, इकडे आला की आमच्या रस्त्यावरूनही पळवायचा. जहागिरी गेल्या, ते लोकही गेले, गाडी मात्र इथेच राहिली. नाकावर पितळी बिल्ला होता, त्यावर उधळलेला घोडा, घराण्याची खूण. दोन्ही दारांवर तोच घोडा रंगीत चित्रात, आज आपण स्टिकर म्हणतो तसा चिकटवलेला, आणि त्याखाली शर्यतीचा आकडा. दादाने तिच्या इंजिनात जीव ओतला. ती पहिल्यांदा धडधडली, तेव्हा जिनिंगच्या मालकाने हात जोडले आणि म्हणाला, “घेऊन जा बाबा, शेडमधी जागा तरी व्हईल.”

ती घेऊन दादा घरी आला, तो रविवार होता. बा लिंबाखाली बाजेवर बसून वाखाचा दोर वळत होते. मी शेजारीच होते. चिंचेकडून आवाज आला. साध्या मोटारीचा नव्हे. खोल, घुमणारा, मध्येच फटकारणारा. माझ्या ओळखीचा तो आवाज नव्हता. बांच्या हातातला दोर गळाला. ते उठले, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि मान खाली घालून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी नुसती बघत राहिले. माझे बा कोण होते, हे सांगायला हवं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी गावकीचं काम सोडलं, ते कायमचं. तहसीलदारासमोर खुर्ची ओढून बसणारा माणूस तो. कुणासमोर वाकायचं नाही, हे आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. आणि ते उभे होते, वहाणा हातात धरून... डौलात हसत, गॉगल लावून दादा समोर आला. त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

“बा, म्या हाव. सुखदेव.”

“हां... व्हय,” बा म्हणाले. वहाणा पायात घातल्या, पण इंजिन बंद होईस्तोवर बसले मात्र नाहीत. मग हातांकडे बघत म्हणाले, “मला कळलंच न्हाई, कव्हा उठलो ते.”

दादा त्या दिवशी जेवला नाही. मला म्हणाला, “शांते, बा त्या घोड्याला उठून राह्यले. घोडाच न्हाई ठिवायचा.” त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. एवढी वर्षं ज्यांनी मान ताठ ठेवली, त्या माणसाने आपल्या गाडीसमोर उठून उभं राहायचं? बांनी बसून राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

पुढच्या रविवारी बा रानात गेल्यावर दादा परतूरहून गाडी घेऊन आला आणि आम्ही कामाला लागलो. नाकावरच्या बिल्ल्याचे नट गंजले होते, त्यांना तेल पाजून पाजून सोडवलं. तरी बिल्ला पत्र्याला चिकटलेलाच. मग दादाने माझ्या शिवणाच्या मशीनचा जाड दोरा मागितला. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो आणि बिल्ल्यामागून तो दोरा करवतीसारखा ओढत राहिलो. तू ओढ, मी ओढतो... दोरा तुटायचा, नवा घ्यायचो. दुपार कशी गेली कळलं नाही. लिंबाची सावली गाडीवर हलत होती, दादाची शीळ चालू होती आणि मला वाटत होतं, ही दुपार संपूच नये. आजही डोळे मिटले की तो हिरवा पत्रा दिसतो, त्यावर हलणारी पानं आणि पलीकडे दादाचा घामेजलेला चेहरा. दारावरच्या चित्रांवर गरम पाण्याचं फडकं धरून ठेवायचं, चित्र मऊ झालं की नखाने कड उचलायची. आधी शेपूट सुटली, मग एकेक पाय. आयाळीला रॉकेल लावावं लागलं. आकडाही गेला. बिल्ला आणि नट दादाने एका डब्यात टाकले.

पण घोडा गेला नाही. उन्हाने साऱ्या गाडीचा रंग उतरला होता, चित्राखालचा तेवढा जुना होता तसा गर्द राहिला होता. फिकट हिरव्यावर गर्द हिरवा घोडा, पहिल्यापेक्षा ठसठशीत! मी शाळेतून आणलेल्या खडूची पूड खोबरेल तेलात कालवून आम्ही दारं घासली, हात भरून आले. “लई चिवट हाय हे जनावर,” दादा म्हणाला आणि हताश होऊन खाली बसला.

तरी फिरवून बघू म्हणून तो गाडी चिंचेपर्यंत घेऊन गेला. एवढ्यात बा रानातून येऊन बाजेवर टेकले. दादा परत निघाला. आवाज आला आणि बा उठले. हातात वहाणा.

दादा गाडीतून उतरला तो रडतच. एवढा मोठा माणूस, पण त्याला आवरेना. “आता काहून उठले बा? बिल्ला काढला, घोडा काढला, समदं काढलं!”

बा गोंधळून गेले. “कोन्चा बिल्ला?”

“गाडीवरचा! त्यायच्या घराण्याचा!”

“म्या कव्हा पाह्यला बिल्ला?” बा म्हणाले. “मान खाली राह्यची लेका. आवाज आला का उठायचं, धूळ बसली का बसायचं. गाडी कशी हाय, कोन पाह्यतंय?”

जे काढायला आम्ही दिवसभर दोरा तुटेस्तोवर झटत होतो, ते बांनी कधी पाहिलंच नव्हतं... दादाने डोळे पुसले. मग त्याने वस्तीतली दोन पोरं बोलावली आणि गाडी ढकलत पुन्हा चिंचेपाशी नेली. बांना मी बाजेवर बसवलं, दोर हातात दिला.

यावेळी आवाज आला नाही. उन्हं कलली होती. चिंचेच्या सावलीतून गाडी निघाली आणि बैल नसलेल्या छकड्यासारखी, कुणाचं काही नसल्यासारखी उतारावरून हलके हलके येत राहिली. धूळसुद्धा उडाली नाही. फक्त खडे कुरकुरत होते. बा दोर वळतच होते. गाडी अगदी जवळ आली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बसल्याबसल्या तिच्याकडे नीट पाहिलं. चाकं, दिवे, नाक, मग आत बसलेला त्यांचा मुलगा.

“हिरवी हाय व्हय?” ते म्हणाले. “मला काळी वाटायची.”

दादाला हसावं की रडावं कळेना. बांनी बसल्या जागेवरून हात लांबवून दाराला लावला. “हे काय दिसून राह्यलं?”

“घोडा हाय. जात न्हाई.”

“राहू दे मंग,” बा म्हणाले. “त्यानं काय केलं?”

त्यानंतर दादाने चिंचेपासून घरापर्यंत इंजिन कधी चालू ठेवलं नाही. बा गेल्यावर पुण्याचे एक संग्राहक गाडी बघायला आले. त्यांनी कपाळाला हात लावला. “मूळ बिल्ला काढला? ही नासधूस केली कुणी?” दादा ताठ उभा राहून म्हणाला, “म्या आन् माझ्या बहिणीनं.” गाडी त्याने त्यांना दिली आणि बिल्ल्याचा डबाही दिला. मात्र त्यांना चिंचेपर्यंत ती ढकलायला लावली. नव्या कोऱ्या बुटांत ते गृहस्थ धापा टाकत चालले होते आणि दादा मागून शीळ घालत होता. पुढे त्याच्या फटफट्या आल्या, जीप आली. बाजेवर कुणी नसायचं, तरी चिंच आली की त्याचा हात किल्लीवर जायचाच.

परवा संध्याकाळी मी त्याच बाजेवर बसले होते. दादाचा मुलगा राहुल भोकरदनहून यायचा होता. नव्या गाडीला हे सोसत नाही म्हणून बापाशी तो नेहमी भांडायचा. चिंचेकडून त्याच्या गाडीचा आवाज आला... आणि थांबला. मग खडे वाजू लागले. माझे हात बाजेच्या काठावर टेकले, गुडघे हलले. दादाच येतो आहे असं वाटलं आणि मी उठतच होते. मग आठवलं, बसून राहावं एवढंच तर दादाला हवं होतं. मी पुन्हा नीट टेकून बसले, आणि मान वर करून त्या येणाऱ्या गाडीकडे पाहत राहिले.