अरुणाताईंचे कँटोनीज

अरुणाताईंना कँटोनीज येते, पण फक्त नावे ठेवण्यापुरते. सिंगापूरला तोआ पायोहमध्ये शेजारी राहणाऱ्या चिनी लमआंटींकडून त्या ते शिकल्या. घाण दिसली की ‘वूचोऊ’, गबाळा माणूस ‘लात्तात’, आणि कोणाच्या मनात काळेबेरे असावे असे वाटले की ‘कूवाक’. लिफ्ट वूचोऊ, फ्लॅट दाखवणारा एजंट कूवाक आणि ताईंचे यजमान पद्माकरराव रविवारी दिवसभर लात्तात. रोज चार वाजता दोघी कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची सालटी काढत. नऊ वर्षांत ताईंनी दुसरी मैत्रीण केली नाही.

मार्चमध्ये नोव्हेनाच्या हॉस्पिटलात आंटींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली ताईंकडे. आता नुसते पाणी घालून परत येतील त्या ताई कसल्या! त्यांनी घर घासूनपुसून लख्ख केले. देव्हाऱ्यात पितळेचे भांडे होते, राखेने काठोकाठ भरलेले, वर उदबत्त्यांच्या जळक्या काड्या. “वूचोऊ,” म्हणत ताईंनी राख कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये ओतली आणि भांडे चिंचेने चकचकीत केले. सणाआधी आपण देवाची उपकरणी घासतो, तसेच.

आंटी घरी आल्या आणि वॉकर धरून देव्हाऱ्यापुढे थांबल्या.

“ॲश व्हेअर?”

“आय थ्रू, आंटी. व्हेरी डर्टी.”

बेचाळीस वर्षांची राख होती ती. आधी सासूने, मग आंटींनी पूर्वजांपुढे आणि शेवटी नवऱ्यापुढे लावलेल्या उदबत्त्यांची. ती कधी टाकायची नसते. ताई शिव्या ऐकायच्या तयारीने उभ्या राहिल्या. आंटींनी त्यांना बाहेर जायची खूण केली आणि दार लावून घेतले.

पुढे अकरा दिवस कॉरिडॉरमध्ये एकच स्टूल. ताईंनी नेलेल्या पुरणपोळ्या दारातूनच परत आल्या. मला, त्यांच्या भावजयीला, फोन करून त्या म्हणाल्या, “मी तिची माणसंच कचऱ्यात टाकली गं,” आणि हमसून रडल्या. मला मात्र त्यांचा रागच आला. हात लावण्याआधी एकदा विचारायला काय झाले होते?

बाराव्या दिवशी आंटींनी बेल वाजवली. हातात रिकामे भांडे. देवळातून नवी राख आणायची होती आणि वॉकर सांभाळून भरलेले भांडे धरणे त्यांना जमणार नव्हते. ताई भांडे घेऊन निघाल्या.

देवळातल्या म्हाताऱ्याने इंग्रजीत बजावले, राख घरच्याच माणसाने घ्यायची. ताई खाली मान घालून मागे सरकल्या.

आंटींनी त्यांना दंडाला धरून पुढे ओढले.

“धिस वन फॅमिली,” आंटी म्हाताऱ्याला म्हणाल्या. मग ताईंकडे वळून डाफरल्या, “यू थ्रो, यू कॅरी लाह!”