बाजेचा पोलिंग एजंट

टेंभुर्णीकडच्या एका गावात भुजंग कडबाकुट्टीची मशीन चालवायचा. पंच्याण्णवच्या विधानसभेला तो तिसऱ्या पक्षाचा पोलिंग एजंट झाला. पक्षाचं चिन्ह बाज. बायको दुर्गाबाई म्हणाली, "त्या बाजंवर निजायला कुणी न्हाई, अन् तुम्ही राखण करून राह्यले!"

"रामराव बी नको, अण्णासाहेब बी नको म्हणणारी माणसं हायेत गावात. त्यांचं मत बराबर पेटीत पडू तर दे."

रामराव अन् अण्णासाहेब म्हंजे गावातले दोन मोठे पक्ष. बांधावरून त्यांच्या पोरांनी एकमेकांची डोकी फोडलेली. म्हणून भुजंग निर्धास्त होता: एकानं चोरी केली तर दुसरा बोंबलंल. तिथंच तो फसला. दुपारी दोघांनी सौदा केला, उरलेल्या मतांवर आपणच शिक्के मारू, निम्मी तुमची, निम्मी आमची. आडवा फक्त भुजंग.

दोघांची पोरं मिळून मतदानाच्या खोलीत शिरली.

"भुजंगा, ऊठ. घरी जाऊन जेव."

"जेवून आल्तो."

"मंग हे घे."

कुऱ्हाडीचा दांडा कानावर बसला. अधिकारी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. एकजण धडाधड शिक्के मारी, दुसरा पेटीत कोंबी. भुजंग पेटीला मिठी घालून पडला. त्यांनी बोटांवर दांडा हाणला. तीन बोटं वाळल्या काडीवानी मोडली. त्यानं एकाच्या पोटरीचा लचका तोडला. तोंडात रक्त आलं, कुणाचं ते कळंना.

पेटी काही वाचत न्हाई, हे मात्र कळलं. कोपऱ्यात पाण्याची कळशी होती. धड राह्यलेल्या हातानं ती ओढून त्यानं पेटीच्या फटीत ओतली. खरी मतं, खोटी मतं, सगळ्यांचा लगदा.

"येड्या, तुझी बी बुडाली ना!" रामराव दारातून वरडला.

"बुडू द्या. मतदान पुन्हा घ्यावं लागंल आता."

फौजदारानं भुजंगलाच उचललं. पेटी नासवली म्हणून पट्ट्यानं पाठ सोलली, तोंड फोडलं. फेरमतदान झालं तवा तो कोठडीत होता. मतदानाच्या खोलीच्या दारात बंदुकवाले पोलीस होते, अन् बाजेच्या एजंटाच्या खुर्चीत दुर्गाबाई.

निकाल लागला, बाजेचं डिपॉझिट गेलं. भुजंग सुटून आला.

"गावातून किती?"

"चाळीसेक."

"ज्याचं त्यानंच टाकलं?"

"ज्याचं त्यानंच."

"मंग लई झाली," म्हणत त्यानं रक्त थुंकलं अन् उंबरा ओलांडला.