कफात अडकलेलं औषध

औषध विकणाऱ्या एका माणसाने माझ्या बायकोला फसवलं. तिच्या शेजारी बसून सौदा मी केला, पण किंमत तिच्या श्वासाने मोजली.

लालबागला माझं मिरचीचं दुकान आहे. फुटपाथवर गोणपाट अंथरून सुरुवात केली, बापाचा टेकू नव्हता. बायकोच्या श्वासनलिका बऱ्याच वर्षांपासून सैल झाल्यात. आत कफ साचतो, ताप येतो. रोज मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची, पालथं पडून कफ काढायचा, असं तिचं चाललं होतं.

हा माणूस दादरच्या एका ओळखीतून घरी आला. म्हणाला, नॅनो औषध आहे, श्वासातून आत ओढायचं, कण इतके बारीक की कफातून आरपार जातात. बाकीचं सगळं बंद करा.

मी भाव पाडायला बसलो. तो जराही हलला नाही.

"अहो, ही काय बेडगी मिरची आहे?" बायको हसली. "औषधाचा कसला भाव करता!"

आमच्या गल्लीत भेसळवाला पटकन भाव सोडतो. ज्याचा माल चोख, तो पोतं पुन्हा बांधायला घेतो. यानेही बॅग बंद केली, आणि मी घेतलं.

तिने मिठाची वाफ घेणं सोडलं. थंडी संपता संपता साधी सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटसुलट पाहिली.

"काका, कफ म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. विषाणू आला की अँटिबॉडी त्याला पकडून त्या धाग्यांत अडकवतात. मग जाळ्यासकट तो बाहेर ढकलला जातो. काकूंचं जाळं इतकं दाट झालंय की ढकललंच जात नाही."

"पण कण बारीक होते ना?"

"नुसतं बारीक असून काय होतंय? धाग्यांना न चिकटणारं आवरण लागतं. त्यावर अजून संशोधन चाललंय. यात तसं काहीच दिसत नाही. तुमचं औषध कफातच चिकटलं, आणि थुंकीबरोबर बेसिनमध्ये गेलं असणार."

मी त्या माणसाच्या नावाने ओरडायला लागलो. खाटेवर बायकोने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"ओरडू नका... एवढा श्वास... मला द्या की."

आता घरात ऑक्सिजनचं मशीन घरघरतं. फुप्फुसाचा खालचा भाग परत कामाला येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. दुकानात बायका तिच्याबद्दल विचारतात, कारण मिरचीचा देठ मोडून माल पारखावा तो तिनेच. मी म्हणतो, गावी गेलीय. रोज संध्याकाळी घरी जायला पाय उचलत नाही.

त्याला फोन केला तर म्हणतो, "काका, प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

असेल. मग बाकीचं बंद करा हे कुठल्या प्रकृतीला विचारून सांगितलंस? घरी ये. मला काही सांगू नकोस, तिच्यासमोर बस आणि तिला उत्तर दे. ती विचारेल तोवर थांबायचं. एक वाक्य पुरं करायला तिला वेळ लागतो.