डब्बा हाये नं?

अकोल्याच्या माझ्या मित्राने विसरभोळेपणाने आपला ऑसिलोस्कोप जाळला, असे त्याच्या घरात सगळे मानतात. तो स्वतःही तसेच मानतो. ते खरे नाही. ऑसिलोस्कोप माझ्या हातून जळला.

मित्र टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि घराच्या वरच्या खोलीत त्याने टेबल मांडले. मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. विजेतले मला बल्ब बदलण्यापलीकडे काही कळत नाही, तरी अधूनमधून बसने अकोल्याला जाऊन त्या खोलीत बसणे मला आवडे. टेबलावर मीटर, सोल्डरिंगचे सामान, उघड्या पडलेल्या शेगड्या, आणि मधोमध तो ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवणारे यंत्र. जुनेच घेतलेले, पण त्याने ते उघडून, पुसून, आतले सुटे भाग बदलून जिवंत केले होते. कोणी आले की त्याच्या तोंडासमोर माइक धरून म्हणायचा, "बोल काहीतरी. हे पाह्य तुहा आवाज. किती वाकडा हाये!"

गल्लीतले लोक बिघडलेल्या इंडक्शन शेगड्या त्याच्याकडे आणून देत. ऑसिलोस्कोपच्या तारेला एक छोटा चिमटा असतो आणि तो आतून अर्थिंगला जोडलेला असतो. शेगडीची पिन सरळ भिंतीत असताना तो चिमटा तिच्या सर्किटला लावला, तर वीज यंत्रातूनच जमिनीकडे धावते आणि ते जळते. म्हणून भिंत आणि शेगडीच्या मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागतो. मित्राने तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता. त्याचे नावच डब्बा. चिमटा लावण्याआधी तो दर वेळी मोठ्याने विचारी, "डब्बा हाये नं?" खोलीत कोणी नसले तर स्वतःच वाकून पाही आणि स्वतःलाच "हाये" म्हणे. मी असलो की पाहून सांगायचे काम माझे.

त्या दिवशी अकोला नुसता भाजून निघत होता. कूलरची पिन सॉकेटमध्ये सैल बसत होती. सकाळपासून मित्र तिच्याशी झटत होता, शिव्या घालत होता. तो चहा आणायला खाली गेला आणि कूलर पुन्हा बंद पडला. मी उठलो. डब्ब्याची पिन भिंतीतून काढली आणि तिथे कूलरची घातली. मित्राचे काम अडू नये म्हणून शेगडीची वायर डब्ब्यातून काढून एक्स्टेंशन बोर्डात खोचली. कूलर सुरू झाला. एक चांगले काम केल्यासारखे मला वाटले.

मित्र चहा घेऊन आला आणि टेबलाशी बसला. मी खाली वाकून पिशवीतून जेवणाचा डबा काढत होतो. बायकोने पातोडीची भाजी दिली होती. माझ्याकडे पाठ करून त्याने विचारले, "डब्बा हाये नं?"

"हाये नं. अजून गरम हाये."

चालू असला की ट्रान्सफॉर्मरही गरम लागतो. त्याने "हं" म्हटले आणि चिमटा लावला.

बार झाला. खालचा मेन स्विच पडला, कूलर थांबला, आणि त्या शांततेत जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. मित्राने आधी माझ्याकडे पाहिले. "तुले लागलं तर नाई बे?" मग त्याने वायरीवरून नजर फिरवली. डब्ब्याची पिन लोंबत होती, तिच्या जागी कूलरची होती.

तो खुर्चीत मागे टेकला. त्याआधीच्या महिन्यांत त्याने दोनदा दूध गॅसवर ठेवून उतू घालवले होते. एकदा बाजारातून परतताना भलत्याच गल्लीत वळला होता. घरात कुजबुज सुरू झाली होती आणि ती त्याच्या कानावर होती.

"सकाळी कूलरनं परेशान केलं, तवा मीच काढली असन पिन," तो म्हणाला. "नाई?"

मी म्हणालो, "असेल."

जन्मभर मुलांना क्रियापदे शिकवली. 'असेल' म्हटले की खोटेही पडत नाही आणि खरेही सांगावे लागत नाही, हे मला पुरते ठाऊक होते.

यंत्राचे त्याला तितके दुःख झाले नाही. खाली येऊन तो सुनेला एवढेच म्हणाला, "बेटा, आता माह्यावर भरोसा नोको ठेवू." खोलीला कुलूप लागले. त्याने स्कूटर सोडली. शेगडी घेऊन येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवू लागला. मी जाई तेव्हा तो खालच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला असे. सून चहा देताना म्हणे, "काकाजी, तुमच्यासमोरच झालं न ते?" मी मान हलवी. पहिल्यांदा लाजेने गप्प राहिलो. मग इतके दिवस का गप्प राहिलो, याचे उत्तर नव्हते म्हणून गप्प राहिलो.

परवा गेलो आणि सगळे सांगितले. कूलर, पिन, पातोडी. त्याने एवढेच विचारले,

"कोणता डब्बा?"

"जेवणाचा."

तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अबे मास्तर! मी ट्रान्सफॉर्मरचं इचारून राहिलो अन् तू भाजी सांगून राहिला!" मग हसू ओसरले. तो म्हणाला, "मंग मी स्कूटर काऊन सोडली बे?"

त्याने सुनेला हाक मारली. "ऐक बेटा, हा काय सांगून राहिला." मी पुन्हा सांगितले. तिने शांतपणे ऐकले, सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे बघून मायेने हसली आणि म्हणाली, "राहू द्या काकाजी. मामाजीचं मन राखाले कशाले सोतावर घेता?"

मी शपथ घेतली. ती रिकामे कप उचलून आत गेली.

मित्र कितीतरी वेळ माझे तोंड निरखत होता. "खरंच मन राखून राहिला का बे?" त्याने हळूच विचारले. मी नाही म्हणालो. त्याने मान डोलावली, पण मघाचे हसू काही परत आले नाही. वरच्या खोलीची किल्ली मागेल असे मला वाटले होते. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तोंडी सांगितलेले पटत नाही, म्हणून हे लिहिले. डब्ब्याची पिन मी काढली होती. इथे 'असेल' नाही.