सरदाराचं आडनाव

सिंगापूरच्या आमच्या ऑफिसात माझा वरिष्ठ एक इंग्रज होता. निवृत्तीला टेकलेला, उंच, उन्हाने कायम लालबुंद, आणि स्वतःच्या आडनावावर बेहद्द खूश. नवा माणूस रुजू झाला की हा त्याला तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला न्यायचा, आणि नूडल्सचा वाडगा समोर येईपर्यंत आडनावाची कथा सुरू झालेली असायची. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, त्या नावाचं एक खेडं आहे. तिथला एक सरदार काही शतकांपूर्वी आपल्या ड्यूकच्या फौजेबरोबर खाडी ओलांडून इंग्लंडवर चालून गेला. लढाई जिंकली, बक्षीस म्हणून इंग्लंडात जमीन मिळाली. लोक त्याला ‘अमक्या गावचा’ म्हणू लागले. पुढे ‘गावचा’ गळून पडलं आणि गावाचं नाव तेवढं आडनाव म्हणून उरलं.

मला ऐकताना गंमत वाटायची. हा गडी तर आपल्यातलाच निघाला, ‘कर’वाला. फक्त याच्या पूर्वजांना घोडा आणि जमीन मिळाली होती.

“आणि तुझं आडनाव?” त्याने मला विचारलं.

“तेही गावावरूनच,” मी म्हणालो आणि नूडल्समध्ये तोंड घातलं.

यापुढचं मी कुणालाच सांगत नसे. आमचं जुनं आडनाव उच्चारलं की समोरच्याला जात कळायची. माझ्या वडिलांनी शिक्षकाच्या नोकरीला लागताना ते बदललं आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावून नवं घेतलं. ते ज्या गावाचं नाव, त्या गावात माझ्या आजीला विहिरीवर पोहरा टाकता येत नसे. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी. वडील बौद्ध झाले, गाव सोडलं, औरंगाबादला राहिले, पण नाव मात्र त्याच गावाचं उचललं. मला याचा राग यायचा. नाव बदलायचंच होतं तर जगात दुसरी नावं नव्हती का? त्यांनी स्वतःला झाकून घेतलं आणि आम्हालाही त्याच पांघरुणाखाली घेतलं, असं मी धरून चाललो होतो.

पांघरूण मात्र चांगलं जाड होतं. सेरंगूनला आमच्याच कॉन्डोत, खालच्या मजल्यावर, पुण्याच्या एक बाई राहायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी आडनाव विचारलं, मग “मूळचे कुठले?”, मग गावाचं नाव ऐकून “अय्या, म्हणजे आमच्यातलेच की!” मराठी माणसाला परदेशातही हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं आणि नवरात्रात माझ्या बायकोला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. ती गेली. मी घरी जीव मुठीत धरून बसलो होतो. परत आल्यावर तिने ओटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “पुरण छान झालं होतं. जायफळ जरा जास्त.”

“काही विचारलं का त्यांनी?”

“त्यांच्या मते त्यांना सगळं माहीतच आहे,” ती हसत म्हणाली. बायकोला अशा गोष्टींची गंमत वाटते. मला वाटत नाही.

आमची मुलगी तेव्हा प्रायमरी थ्रीला होती, आणि त्या बाईंची मुलगी तिच्याच वर्गात. एके दिवशी आमची लेक शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, “बाबा, मंडे-ला वर्गात शो अँड टेल आहे. फॅमिली नेम कुठून आलं ते सांगायचं.”

“गावावरून आलं, असं सांग.”

“सो शॉर्ट, लाह! वन मिनिटपण नाही होणार.” तिच्या चिनी मैत्रिणीकडे कुळाच्या मूळ पुरुषाची गोष्ट होती, तो राजाच्या दरबारात होता म्हणे. मलय मैत्रिणीला आडनावच नव्हतं, नुसतं वडिलांचं नाव, तरी तिच्याकडेही सांगायला काहीतरी होतं. “आपलं कोण होतं? किंग? वॉरियर?”

मी बघू म्हणालो. तिने वर्गात खरं सांगितलं, तर सोमवारी संध्याकाळपर्यंत ते खालच्या मजल्यावर पोचणार. त्या बाई काही वाईट बोलल्या असत्या असं नाही. उलट त्या आणखी गोड वागल्या असत्या, जरा जपून, जरा जास्तच हसून. माझ्या मुलीशी कुणी तसं जपून गोड वागावं हे मला नको होतं. ती नऊ वर्षांची होती आणि आपण इतरांपेक्षा कमी आहोत असं तिला आजवर एकदाही वाटलेलं नव्हतं. खोटं सांगायचं तर एखादा सरदार मलाही जुळवता आला असता. दोन दिवस मी तोच जुळवत होतो.

शुक्रवारी जेवताना साहेबाला सहज म्हटलं, माझ्या मुलीला तुझ्या सरदारासारखा एक सरदार हवा आहे. तो हसला. कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, घोट घेतला आणि म्हणाला, “माझा नाहीच तो.”

म्हणजे काय, ते त्याने सावकाश सांगितलं. मागच्या सुट्टीत तो नॉर्मंडीतल्या त्या खेड्यात जाऊन आला होता. सफरचंदाच्या बागा, गाई, एक चर्च. त्या आडनावाचं तिथे कुणीच नाही. बेकरीतल्या बाईने नुसते खांदे उडवले. परत आल्यावर त्याने इंग्लंडातल्या एका जाणकाराकडून घराण्याची माहिती काढवली. सरदाराचा वंश तीन-चार पिढ्यांत संपला होता, शेवटी मुलीच राहिल्या. पण इंग्लंडात त्याला मिळालेल्या गावाला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या गावचे मजूर पुढे कामासाठी लंडनला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना त्या गावाच्या नावाने ओळखलं.

“आडनाव नॉर्मन आहे,” तो म्हणाला. “आम्ही नाही. माझे पूर्वज बहुतेक त्या सरदाराच्या घोड्यांना पाणी दाखवणारे.”

“मग इतकी वर्षं सरदाराची गोष्ट का सांगतोस?”

“नव्या माणसांना ती आवडते,” तो म्हणाला. “पण लंडनला चालत गेलेला तो मजूर मला जास्त आवडतो. हे नाव आमच्यापर्यंत त्याने आणलं.”

घरी जाताना आउट्रम पार्क स्टेशनवर गाडी बदलली, तेव्हा मी ठरवलं की सरदार जुळवायचा नाही. मन हलकं झालं असं म्हणणार नाही, धास्ती होतीच. शनिवारी सकाळी मुलीला खाली स्विमिंग पूलच्या कडेला बसवलं आणि सांगितलं. जुनं आडनाव, विहीर, माझ्या आजीची ओंजळ, सगळं. गाव त्यांचं होतं, आपल्याला ते वेशीबाहेर ठेवायचे, असंही सांगितलं. ती पाण्यात पाय हलवत ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, “आय वॉन्ट टु आस्क आजोबा.”

रविवारी औरंगाबादला फोन लावायचा आमचा रिवाज होता. लिटिल इंडियातून आणलेलं कॉलिंग कार्ड खरवडून मी नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. एरवी ती आजोबांशी दोन वाक्यं बोलून पळायची. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली आणि शक्य तेवढं मराठीत म्हणाली, “आजोबा, ते लोक तुम्हाला पाणी नव्हते देत. दे वेअर सो मीन. मग तुम्ही त्यांच्या गावाचं नाव का घेतलं?”

हा प्रश्न मी जन्मभर मनात धरला होता आणि एकदाही विचारला नव्हता.

“त्यांच्या गावाचं?” वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता, शिक्षक चूक दाखवताना बोलतात तसा होता. “बाळा, माझी नाळ पुरलीय तिथं. माझ्या बापानं त्या गावाची राखण केली, रस्ते झाडले, गावचं मेलेलं ढोर ओढलं. पांढरीतली, वेशीच्या आतली, घरं त्यांची असतील. पण गाव त्यांचं एकट्याचं होतं, हे तुला कोणी सांगितलं?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी ती शाळेतून आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, “मी सांगितलं, बाबा. टीचर म्हणाली, मग हे कोणाचं व्हिलेज? आय सेड, अवर्स.”

ते गाव तिने पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि मला ते तोवर एकदाही आमचं म्हणता आलं नव्हतं.